एकच टायर

टायर एकदम चार घ्यायचे असतात, हे मला वयाच्या पंचविशीपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या घरी टायर एकेक यायचा. पप्पा कराडात शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे, अजूनही चालवतात. पांढरी मारुती ओम्नी, टायरचा साइझ १४५ आर १२. एखादा टायर अगदी गोटा झाला की तो काढायचा, स्टेपनीतला त्यातल्या त्यात बरा टायर चाकाला लावायचा आणि जमलं तर एक नवा आणायचा. हे बहुतेक जून महिन्यात व्हायचं, म्हणजे आमची फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट आणि टायर असे सगळे खर्च एकाच यादीत असायचे. त्या ओम्नीच्या चार चाकांवर कायम तीन कंपन्यांचे टायर दिसायचे. गाडीने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

त्यामुळे २०२३च्या फेब्रुवारीत डेन्व्हरमधल्या एका टायरच्या दुकानात काउंटरमागचा माणूस मला म्हणाला, "या गाडीला मी एकच टायर बसवून देणार नाही, घ्यायचे तर चार घे," तेव्हा माझ्यातला कराडकर चिडला. माझ्यातल्या इंजिनिअरला माहीत होतं की तो माणूस बरोबर बोलतोय. त्या दिवशी कराडकर जिंकला. त्याची किंमत मी आठ महिन्यांनी भरली.

*

आधी गाडीबद्दल सांगतो. २०१५ची सुबारू डब्ल्यूआरएक्स, निळी, सहा गिअरची मॅन्युअल, सेकंड हँड. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २६८ हॉर्सपॉवर आणि ताकद चारही चाकांना. १९९५ साली कॉलिन मॅक्रे हा स्कॉटिश ड्रायव्हर निळ्या सुबारू इम्प्रेझातून जागतिक रॅली चॅम्पियन झाला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण सांगलीच्या होस्टेलवर आम्ही चौघं-पाचजण एका लॅपटॉपभोवती बसून रात्री दोन वाजता त्याचे व्हिडिओ बघायचो. चिखलात, बर्फात, खडीवर ती गाडी आडवी होऊन जायची आणि तरी रस्ता सोडायची नाही. तेव्हा आमच्यापैकी कुणाकडे स्वतःची स्कूटरही नव्हती.

एज्युकेशन लोनचा शेवटचा हप्ता २०२२मध्ये फिटला आणि पुढच्याच महिन्यात मी ही गाडी घेतली. आई म्हणाली, आधी घराचं बघायचं सोडून गाडी कसली घेतोस? मग मी तिला सांगितलं की सुबारू हे जपानी भाषेतलं कृत्तिकांचं नाव आहे आणि गाडीच्या बॅजवर सहा तारे आहेत. ती जरा नरम झाली. पप्पांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले आणि एकच वाक्य बोलले, "टायर चांगले आहेत."

तेव्हा होतेही.

*

माझ्या गाडीच्या टायरवर २३५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू असं लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीवर, बाइकवर असाच काहीतरी आकडा असेल. तो वाचायला सोपा आहे, फक्त लिहिणाऱ्यांनी त्यात तीन वेगवेगळी मापं एकत्र केली आहेत. २३५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या ४५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १७ म्हणजे रिमचा व्यास, तो इंचात. ९४ हा वजनाचा कोड, त्याचा अर्थ एका टायरवर ६७० किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर वेगापर्यंत चालेल.

आता गणित करू. २३५चे ४५ टक्के म्हणजे १०५.७५. वर एक भिंत, खाली एक, म्हणून दुप्पट, २११.५. सतरा इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. बेरीज ६४३.३. हा पूर्ण चाकाचा व्यास. याला पायने गुणलं की परीघ येतो, साधारण २,०२१ मिलिमीटर. नवा टायर एका फेरीत दोन मीटर आणि वर दोन सेंटिमीटर पुढे जातो. गाडीवर वजन आलं की टायर खाली दबतो, त्यामुळे रस्त्यावरचा आकडा थोडा कमी भरतो. पण तुलना करायला कागदावरचा पुरतो.

ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला टायर निवडताना खरा महत्त्वाचा आकडा हा परीघ आहे. रुंदी नंतर येते. निसानच्या जीटी-आरला पुढे २५५/४० आर २० आणि मागे २८५/३५ आर २० असे टायर येतात. बघणाऱ्याला वाटतं की मागचे केवढे दांडगे आहेत. हिशेब केला तर पुढच्या चाकाचा व्यास ७१२ मिलिमीटर आणि मागच्याचा ७०७.५. रुंदी तीन सेंटिमीटरनी वाढवली, पण भिंत टक्क्यांत कमी करून उंची जवळजवळ तीच ठेवली. माझ्या एका मित्राला त्याच्या डब्ल्यूआरएक्सला मागे रुंद टायर टाकून "स्टॅगर्ड लूक" करायचा होता. त्याला मी हे गणित चॅटवर लिहून पाठवलं. त्याने ते वाचलं की नाही माहीत नाही, पण टायर टाकले नाहीत.

परीघ सारखा असायला साइझ सारखा असणं पुरत नाही, ही त्यातली मेख आहे. दोन कंपन्यांच्या २३५/४५ आर १७ टायरचा खरा व्यास थोडा वेगळा भरतो. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलचे दोन टायर असले, तरी एक नवा आणि एक झिजलेला असेल तर तेही वेगळे. टायर झिजतो म्हणजे लहान होतो. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती आपल्या डोक्यात येतच नाही.

*

१८ जानेवारी असेल बहुतेक. सकाळी उठून लॅपटॉप उघडला तर पासवर्ड चालेना. फोनवर पर्सनल ईमेलला कंपनीचं पत्र आलं होतं. त्या महिन्यात अमेरिकेत माझ्यासारखे हजारो लोक असेच लॅपटॉपसमोर बसले असतील, त्यामुळे त्याचं वर्णन करत बसत नाही. एच-१बी व्हिसावर नोकरी गेली की ६० दिवस मिळतात. त्यात नवी कंपनी मिळून तिने तुमचा अर्ज दाखल करायचा, नाहीतर सामान बांधायचं.

घरी सांगितलं नाही. मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. कार्यालयाचा अ‍ॅडव्हान्स माझ्याच पैशांतून गेला होता आणि उरलेले मी द्यायचे हे न बोलता ठरलेलं होतं. म्हटलं, साठ दिवसांत काहीतरी होईलच. झाल्यावर सांगू. किंवा झालं तर सांगायची गरजच काय?

पंचविसाव्या दिवशी गाडी एका बाजूला बसलेली दिसली. मागच्या उजव्या टायरमध्ये स्क्रू घुसला होता. तो मधोमध घुसला असता तर वीस-पंचवीस डॉलरमध्ये पंक्चर निघालं असतं. पण तो होता कडेला, जिथे नक्षी संपते आणि भिंत सुरू होते. तिथलं पंक्चर इथे कुणी काढत नाही, कारण टायर फिरताना तो भाग सतत वाकत असतो आणि पॅच टिकत नाही. डिकीतली सायकलच्या चाकासारखी दिसणारी बारकी स्टेपनी लावली. तिच्यावर ताशी ५० मैलांच्या वर जाऊ नका असं लिहिलेलं असतं. सावकाश दुकानात गेलो.

त्या माणसाने पेनासारखं एक गेज उरलेल्या तीन टायरच्या खाचांत घातलं. अमेरिकेत नक्षीची खोली इंचाच्या बत्तिसाव्या भागांत मोजतात. नवा टायर साधारण १०/३२. माझे तीन होते ५/३२. तो म्हणाला, "फरक २/३२च्या आत असता तर एक बसवला असता. हा पाचाचा आहे. तुझं सेंटर डिफरन्शिअल जाईल." वर त्याने हेही सांगितलं की कोलोरॅडोत सप्टेंबर ते मे या काळात आय-७० महामार्गाच्या डोंगराळ भागात जायचं तर नक्षी किमान ३/१६ इंच लागते, म्हणजे ६/३२. माझे तीन टायर तसेही डोंगरात न्यायच्या लायकीचे उरले नव्हते.

चार टायरचा आकडा सातशे डॉलरच्या आसपास होता. एकाचा १६५. बँकेत किती आहेत ते मला पैशांपर्यंत पाठ होतं. त्या दिवसांत मी रोज सकाळी ते बघायचो.

*

डिफरन्शिअल म्हणजे काय हे मला इंजिनिअरिंगच्या आधी पप्पांनी शिकवलं होतं, शाळेच्या कवायतीचं उदाहरण देऊन. चार मुलांची रांग हातात हात धरून वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्याला पळावं लागतं. गाडी वळताना तसंच होतं. बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एकाला घसटत जावं लागेल. म्हणून मध्ये गिअरची एक पेटी असते, जी दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते.

ओम्नीला अशी एकच पेटी आहे, मागच्या दोन चाकांच्या मध्ये. पुढची चाकं मोकळी फिरतात, त्यांचा इंजिनशी संबंध नाही. त्यामुळे पुढे एक नवा आणि एक जुना असला तरी कुणाचं काही बिघडत नाही. मागे असला तर त्या पेटीला थोडं जास्त काम पडतं, एवढंच. पप्पांचा एकेक टायर बदलायचा नियम पैशांमुळे आला होता, पण त्यांच्या गाडीला तो चालून जायचा.

माझ्या गाडीत अशा तीन पेट्या आहेत. पुढच्या दोन चाकांमध्ये एक, मागच्या दोनमध्ये एक, आणि पुढचा अ‍ॅक्सल आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्या मध्ये तिसरी. या तिसरीत नुसते गिअर नाहीत, त्यांना जोडून एक बंद डबा आहे. त्यात पातळ चकत्यांच्या दोन जोड्या एकमेकींत बसवलेल्या, आणि त्यांच्यामध्ये काकवीसारखं दाट सिलिकॉनचं तेल. एक जोडी पुढच्या चाकांबरोबर फिरते, दुसरी मागच्या. दोघींचा वेग सारखा असला तर तेल गप्प बसून राहतं. पुढची चाकं बर्फात गरगरायला लागली की वेगात फरक पडतो, चकत्या तेलाला घुसळतात, तेल तापतं, डब्यातला दाब वाढतो आणि चकत्या एकमेकींना जखडायला लागतात. मग ताकद मागच्या चाकांकडे जाते आणि गाडी बर्फातून निघते. ना सेन्सर, ना सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरवर पोट असलेल्या माणसाला याचं जरा जास्तच कौतुक वाटतं.

हा डबा क्षणभराच्या फरकासाठी केलेला आहे. वळण संपतं, बर्फ संपतो, फरक संपतो, तेल थंड होतं. पण एक चाक कायमचं मोठं असेल तर? ५/३२ इंच म्हणजे चार मिलिमीटर. त्रिज्येत चार मिलिमीटरचा फरक म्हणजे परिघात पंचवीस. माझ्या दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे सुबारूची मर्यादा आहे परिघात पाव इंच, म्हणजे साडेसहा मिलिमीटरपेक्षाही कमी. मी चौपट बाहेर होतो. जुना टायर एका किलोमीटरला ५०१ फेऱ्या मारतो, नवा ४९५. मागच्या एका चाकाच्या सहा फेऱ्या कमी, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलची सरासरी तीनने कमी. प्रत्येक किलोमीटरला तीन फेऱ्या त्या डब्यातलं तेल घुसळलं जाणार. नाकासमोर सरळ हायवेवर जाताना गाडीला वाटणार की आपण वळतोय. आणि ते वळण गाडी बंद करेपर्यंत संपणार नाही.

यातली एक गोष्ट मला नंतर कळली आणि धडकी भरली. त्या दिवशी मी "मग दोन घेऊ का, मागे जोडीने?" असाही विचार केला होता. तो शहाणपणाचा वाटतो, कारण दोन्ही बाजू सारख्या होतात. पण मागे दोन्ही चाकं मोठी झाली असती तर मागच्या अ‍ॅक्सलची सरासरी तीनने नाही, पूर्ण सहाने कमी झाली असती. मधल्या डब्याला दुप्पट त्रास. अर्धवट शहाणपण इथे अजिबात न केलेल्या शहाणपणापेक्षा महाग पडलं असतं.

*

दुकानदाराने मला अजून दोन रस्ते सांगितले होते. पहिला, सेकंड हँड टायरच्या दुकानातून त्याच मॉडेलचा, ५/३२ एवढाच झिजलेला टायर शोधायचा. दुसरा, नवा टायर मागवायचा आणि तो मशिनवर तासून ५/३२ करून घ्यायचा. ऑल-व्हील ड्राइव्हवाल्यांसाठी हे काम नेहमी होतं, पस्तीसेक डॉलर वर लागतात.

हा दुसरा रस्ता बरोबर होता. दोनशे डॉलरमध्ये सगळं भागलं असतं. पण नवा टायर घ्यायचा, त्याचे पूर्ण पैसे द्यायचे आणि मग त्यातलं अर्धं रबर तासून कचऱ्यात टाकायला वरून आणखी पैसे द्यायचे, हे माझ्याने होईना. आमच्या घरात पेस्टची ट्यूब कात्रीने कापून उघडतात. मी मनातल्या मनात ते रबराचे काप जमिनीवर पडताना बघत होतो.

पार्किंगमध्ये उभं राहून पप्पांना फोन लावला. सकाळचे साडेनऊ वाजले होते, कराडात रात्रीचे दहा. सगळं सांगितलं, म्हणजे टायरचं. नोकरीचं नाही.

"दुकानदार चार घ्या म्हणतोय? तो म्हणणारच की," पप्पा म्हणाले. "बाकीचे तीन चांगले आहेत ना?"

"तसे आहेत."

"मग एकच घे. पण ती तुमची चारी चाकं ओढणारी गाडी आहे, तिचं मला कळत नाही. तू इंजिनिअर आहेस. तुला काय वाटतं?"

मी म्हणालो, "एक पुरेल."

ते म्हणाले, "मग झालं तर."

दुसऱ्या एका दुकानात एका कागदावर सही करून घेऊन त्यांनी एक टायर बसवून दिला. कागदावर लिहिलं होतं की पुढे काही झालं तर ती माझी जबाबदारी. सही करायला मला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

*

मग काहीच झालं नाही. खरं तर सगळी भानगड इथेच आहे. गाडी मस्त चालली. ना आवाज, ना डॅशबोर्डवर दिवा. एक्कावन्नाव्या दिवशी नवी नोकरी मिळाली, अर्ज वेळेत गेला. पहिल्या पगारात चार टायर घ्यायचे असं ठरवलं होतं. पहिला पगार लग्नाला गेला. दुसरा क्रेडिट कार्डाला. तिसऱ्या पगारापर्यंत मी त्या टायरबद्दल विसरलो होतो. खोटं बोलतोय, विसरलो नव्हतो. दर वेळी गाडी धुताना मागचं उजवं चाक दिसायचं, त्याची नक्षी इतरांपेक्षा खोल आणि काळी. मी तिथे स्पंज जरा लवकर फिरवायचो.

नोकरीचंही तसंच झालं. नवी मिळाली होती, त्यामुळे जुनी गेल्याचं सांगण्यात अर्थ नव्हता. पप्पा विचारायचे, "ऑफिस कसं चाललंय?" मी म्हणायचो, "नेहमीसारखं." नवीन कंपनीचं नाव तोंडातून निघू नये म्हणून मी बोलताना जपून असायचो. बहिणीने एकदा विचारलं, तुझ्या लिंक्डइनवर वेगळं काहीतरी दिसतंय. म्हटलं, टीम बदलली.

ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या बेसमेंट पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग फिरवून गाडी वळवताना ती अडखळली. कुणीतरी हँडब्रेक अर्धा ओढून ठेवल्यासारखं वाटलं, आणि मग खालून धडधड करत चाकं उड्या मारल्यासारखी पुढे गेली. दुसऱ्या दिवशी परत. आठवड्याने प्रत्येक अरुंद वळणावर.

एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉनेट उघडलं नाही. खिशातून गेज काढलं आणि चार टायर मोजले. तीन होते ३/३२. चौथा ८/३२. त्याने माझ्याकडे बघितलं, बोलला काही नाही. मग मागच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथे हळूहळू आठचा आकडा काढ."

मला कराडच्या आरटीओचं ग्राउंड आठवलं. एमएच-५०. अठराव्या वर्षी पप्पांच्या ओम्नीतून मी तिथे आठ काढून दाखवला होता आणि पप्पा कुंपणाबाहेर हाताची घडी घालून उभे होते. ती गाडी कशी लोण्यासारखी वळली होती! ही दोनशे अडुसष्ट हॉर्सपॉवरची गाडी प्रत्येक वळणावर कण्हत होती.

डब्यातलं तेल रोज तापून तापून गेलं होतं. चकत्या आता फरक नसतानाही एकमेकींना सोडत नव्हत्या. फेब्रुवारीपासून मी सहा हजार मैल गाडी चालवली होती, म्हणजे साडेनऊ हजारांवर किलोमीटर. किलोमीटरला तीन फेऱ्यांच्या हिशेबाने जवळपास तीस हजार फेऱ्या. एकेकटी फेरी म्हणजे काहीच नाही. नवं सेंटर डिफरन्शिअल आणि मजुरी मिळून चौदाशे डॉलर, शिवाय चार टायर सातशे. पस्तीस डॉलरचं रबर वाया जाईल म्हणून.

*

दिवाळीला फोन केला. पाडव्याचं सगळं बोलून झाल्यावर पप्पांनी सवयीने विचारलं, "गाडी काय म्हणते?"

मी सांगितलं. डब्याचं सांगितलं, बिल सांगितलं. मग म्हटलं, "पप्पा, मला तेव्हाच माहीत होतं एक चालणार नाही म्हणून. माझ्याकडे पैसे नव्हते. जानेवारीत नोकरी गेली होती."

पलीकडे फटाक्यांचा आवाज येत होता. जरा वेळाने ते म्हणाले, "मला वाटलंच होतं."

"कशावरून?"

"तू रात्री दहाला फोन करायला लागला होतास. ते तुझ्या मीटिंगचं टायमिंग. तीन वर्षांत त्या वेळेला तू कधी फोन उचलला नाहीस."

माणूस रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पहिल्या मुलाच्या दारात हॉर्न वाजवतो. टायमिंग त्याला काय मी शिकवणार?

"मग विचारलं का नाही?"

"तू सांगशील म्हटलं." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि मलाही भीती वाटली. खरंच गेली असेल तर लग्नाचं काय करायचं, हे मलाच सुचत नव्हतं. विचारलं नाही तर बरं, असं वाटलं."

आम्ही दोघंही तेवढे महिने सरळ रस्त्यावर होतो आणि दोघांच्याही आत काहीतरी घासत होतं. पण हे मी त्यांना बोललो नाही. आमच्यात असं बोलत नाहीत. मी म्हणालो, "पुढच्या वेळी विचारा." ते म्हणाले, "पुढच्या वेळी सांग."

मग त्यांनी त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न विचारला. "तो चौथा टायर? तो तर चांगला होता की. टाकून दिलास का?"

"नाही. आहे गॅरेजमध्ये."

"ठेव. लागेल."

आधी हसू आलं. मग विचार केला तर त्यांचं बरोबर होतं. नवे चार टायर मी त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे घेतले आहेत. ते जेव्हा झिजून ८/३२ होतील तेव्हा हा टायर त्यांच्या मापाचा असेल. त्या काळात एखादा फाटला तर तासायला नको, शोधायला नको. मी त्याच्यावर चिकटपट्टी लावून ८/३२ लिहून ठेवलं.

आता दर पाच हजार मैलांना मी टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे फिरवून घेतो, म्हणजे चारही सारखे झिजतात. हवा थंड गाडीत, महिन्यातून एकदा. आणि गेजने चार आकडे मोजून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. पहिल्यांदा टाकले तेव्हा बहिणीने विचारलं, हा काय क्रिकेटचा स्कोअर आहे का?

गेल्या वर्षी घरी गेलो तेव्हा पप्पांसाठी तसलंच एक गेज नेलं. मिलिमीटरवालं. सकाळची फेरी झाल्यावर त्यांनी अंगणात ओम्नीभोवती फिरून, चष्मा कपाळावर चढवून चारही टायर मोजले. सहा, चार, अडीच आणि परत सहा. स्टेपनी मोजायला गेलो तर म्हणाले, "तिचं राहू दे, तिला लाज वाटेल."

मग अडीचवाल्यापाशी थांबले. त्या टायरला बोटाने चाचपून बघितलं. गाडीत रोज कुणाची तरी लेकरं असतात.

"हा बदलू या," ते म्हणाले.

मी म्हटलं, "चार घेऊ. मी देतो."

"चार कशाला? माझी गाडी वेगळी आहे." मग माझ्याकडे न बघता गेज पुसून शर्टाच्या खिशाला लावलं. "दोन घेऊ. मागचे दोन्ही."